तगरीवरच्या अळ्या

आमच्या बाबांना अळ्यांचा भारी राग, बरं का! बाभुळगावला आमच्या अंगणात तगर आहे. सकाळच्या बुद्धवंदनेला तिचीच फुलं लागतात. यंदा तिच्यावर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या पडल्या आणि आठवड्यात अर्ध्या झाडाचा खराटा झाला. वंदना आटोपली तसे बाबा फवारणीचा पंप पाठीवर घेऊनच बाहेर निघाले.

आई दारात आडवी उभी राहिली. "आत्ताच पंचशील म्हनलं ना तुम्ही? जीव मारणार नाही म्हणून?"

"मंग झाड मरू देऊ काय?"

"त्या कण्हेरीवर नेऊन सोडा. कण्हेरबी खातेत त्या."

बाबांनी कुरकुरत सगळ्या अळ्या कुंपणाजवळच्या कण्हेरीवर नेल्या. मग मात्र रोज चहाचा कप घेऊन तिथेच उभे! एक दिवस ओरडले, "अवं, हिले निळे डोळे हायेत! मले पाहून राह्यली!" पुढे अळ्या तपकिरी होऊन कोष करायला मातीत शिरल्या, तर यांना दोन दिवस जेवण गोड लागेना.

काही दिवसांनी मारेगावला मामाच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी निघताना पाहतो तर दोरीवरच्या बाबांच्या नव्या शर्टावर हिरवागार, मखमली पतंग. आमच्याच अळीचा! मी उडवायला गेलो, तर बाबा खेकसले, "हात नोको लावू त्याले!"

मांडवात मामानं विचारलं, "भाऊजी, लग्नात हा विटका शर्ट काहून घातला?"

बाबा छाती फुगवून म्हणाले, "नव्यावर पोरगं झोपलं हाय."