तीन वेळा उसवलेली शिवण

सिस्टर : नुसती मान डोलवू नका, मास्तर. मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा. त्याशिवाय घरी जायच्या कागदावर माझी सही होणार नाही.

मास्तर : मीठ कमी. पाणी मोजून. लघवीची गोळी सकाळी. रोज वजन. झालं? गेल्या खेपेलाही मला सगळं पाठ होतं.

काकू : पाठ होतं आणि अडीच महिन्यांत पुन्हा याच पलंगावर! वर्षातली तिसरी खेप, सिस्टर. मी आता ठरवलंय. दुकानाला कुलूप लावायचं आणि शिलाई मशीन विकून टाकायची. चाळीस वर्षं पाय मारून मारून हृदय थकलं ह्यांचं.

मास्तर : हृदय पायात असतं का गं?

काकू : थट्टा पुरे. जा, कपडे बदलून या. राखाडी पँट आणलीय तुमची.

सिस्टर : पडदा ओढून घ्या, मास्तर. घाई करू नका, बसून बदला.

काकू : तुम्हीच सांगा सिस्टर, मी काय वाईट बोलले? सगळ्या गल्लीचे कपडे शिवले ह्यांनी. आता बसावं घरी निवांत. मला माणूस हवाय हो, मशीन काय करू घेऊन?... झालं का? अगं बाई! पँट हातात धरून काय उभे राहिलात?

मास्तर : सोडली तर खाली येईल.

काकू : सिस्टर, बघा हे! आठ दिवसांत माणूस अर्धा केलात तुम्ही. जेवायला घालता की नाही?

सिस्टर : काकू, ते अंग नव्हतं, पाणी होतं. हृदयाचा जोर कमी पडला की पाणी अंगात साठत जातं. आधी पाय सुजतात, मग पोट, मग छाती भरते आणि दम लागतो. आठ दिवसांत सहा किलो पाणी काढलंय आपण.

काकू : सहा किलो! आणि मला दिसलं नाही? पँट कायम नीट बसलेली असायची. मी आपली खूश, म्हटलं जेवण अंगी लागतंय.

सिस्टर : मलाही तेच कळत नाहीये. मास्तर, पँट कधी घट्ट झाली नाही?

मास्तर : कापड चांगलं आहे.

सिस्टर : ताणलं जातं का?

मास्तर : ...नाही.

सिस्टर : मागे वळा जरा. कमरेची पट्टी उलटून बघते. हं. या जुन्या टाक्यांच्या खुणा ना? एक, दोन... तीन.

काकू : बघू. अहो! हे तर तुमच्या हातचे टाके.

मास्तर : मागच्या शिवणीत आम्ही जादा कापड ठेवतोच. गिऱ्हाईक सुटतं, जरा सैल करा म्हणतं, आपण करून देतो. का सुटलात, असं विचारायचं नसतं.

सिस्टर : आणि हे गिऱ्हाईक कधी कधी आलं होतं?

मास्तर : इथून घरी गेल्यावर महिन्याभरानं, पहिल्यांदा. मग पंधरा दिवसांनी. मग अजून एकदा.

सिस्टर : मग?

मास्तर : मग कापड संपलं.

सिस्टर : म्हणून आमच्याकडे आलात! आणि लघवीची गोळी?

मास्तर : कामाची घाई असली की चुकवायचो. दर अर्ध्या तासाला मशीनवरून उठायचं, गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलेलं. बरं दिसतं का ते?

काकू : माझ्याशेजारी बसून उसवत होतात तुम्ही. मी विचारलं तर म्हणालात, कुणाची तरी पँट आहे.

मास्तर : भीती वाटली गं. पँट घट्ट झाली म्हणजे दवाखाना. दवाखाना म्हणजे तू मशीन विकणार. घट्टच झाली नाही, तर काही झालंच नाही, असं आपलं...

काकू : आणि तुम्हाला काही झालं असतं, तर मी कुणाला विचारायचं होतं?

सिस्टर : रडा काकू, अडवत नाही. पण आधी ऐका. मशीननं काही केलेलं नाही. कामावर कधी बसायचं ते दोन आठवड्यांनी तपासून डॉक्टर सांगतील. मास्तर, टेप कुठंय तुमची?

मास्तर : खिशात. टेप कुठं जाते मला सोडून?

सिस्टर : घोटे मोजा तुमचे. मग पोट, बेंबीवरून. मापं घ्यायच्या वहीत स्वतःचं पान उघडायचं. रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की काही खायच्या आधी वजन करायचं आणि ते लिहायचं. दोन दिवसांत दीड किलो वाढलं, घोटा फुगला किंवा एका उशीवर झोप येईना, तर लगेच फोन. दम वाढला, छातीत दुखलं तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट इथं यायचं. गोळी कुणासाठीही चुकवायची नाही.

मास्तर : गिऱ्हाईक खोळंबलं तर?

सिस्टर : खोळंबू दे. आता बोला, फोन कधी करायचा?

मास्तर : दोन दिवसांत दीड किलो, फुगलेला घोटा, दुसरी उशी. आणि सिस्टर... शिवण उसवावीशी वाटली की.

सिस्टर : हे मी सांगितलं नव्हतं. द्या तो कागद, सही करते.

(दोन आठवड्यांनी. तपासणीची खोली.)

सिस्टर : बघू वही. नाव, गिऱ्हाईक : मी. छान! एकसष्ट, एकसष्ट, साडेएकसष्ट... आणि इथं त्रेसष्ट? तुमचा फोन आला तो शुक्रवार हाच ना?

काकू : हाच. कुणीतरी खारी बिस्किटं आणून दिली. ह्यांनी मला न विचारता अर्धा पुडा फस्त केला.

मास्तर : पण फोन मीच केला, सिस्टर. हिला उठवलंही नाही. डॉक्टरांनी तीन दिवस गोळीचा डोस वाढवला, वजन परत एकसष्टवर आलं.

सिस्टर : आणि पलंगावर यावं लागलं नाही. मास्तर, हे तुम्ही केलंत.

काकू : डॉक्टर आत्ताच म्हणाले, सकाळी दोन तास बसा कामाला. मी कालच मशीनला तेल घालून ठेवलंय.

मास्तर : हिनं! विकणार होती म्हणे.

काकू : गप्प बसा. घालताना चार वेळा वाटलं, विकूनच टाकावी.

सिस्टर : ही तीच राखाडी पँट ना? छान बसलीय.

मास्तर : कंबर आत घेतली, पहिल्या मापावर. मागचं जादा कापड कापूनच टाकलं.

सिस्टर : सगळं? आणि उद्या घट्ट झाली तर?

मास्तर : होऊ दे घट्ट. मला कळायला नको?

काकू : आपल्याला.