चमकीचा पत्ता

मी औश्याकडची. भूकंपात घर गेलं, बाप गेला, माय अन् मी तेवढ्या राहिलो, अन् त्याचं काय सांगू तुम्हाला ताई, ते सांगत बसले तर लेकरांचा सैपाक राहून जाईल. पत्र्याच्या शेडात आलो तिथून सांगते. दुपारी पत्रा असा तापायचा की आत बसवायचं न्हाई, मग आमी समदी लेकरं लिंबाखाली, अन् तिथं पत्ते. राजा-रानीचे न्हाई, पैलवानांचे. एका पत्त्यावर एक पैलवान, त्याची उंची, वजन, छाती अन् रँक. आपुन म्हनायचं वजन, समोरच्याचं कमी भरलं की त्याचा पत्ता आपल्याकडं. मला लई नाद. पोरं म्हनायची पोरीच्या जातीनं काय पैलवान खेळावं, अन् हारली की गुमान पत्ता द्यायची.

आमच्यात कच्चा डाव असायचा. म्हंजी जिंकलेले पत्ते सांजच्याला ज्याचे त्याला परत. दुसऱ्या गावात पक्का खेळायचे, जिंकलं ते घरी न्यायचे. आमच्याकडं हे कुनी ठरवलं न्हवतं, पन कुन्या लेकराचं काई बी गेलं, साधी चिंधी गेली तरी त्याचं रडू थांबायचंच न्हाई तवा, मग कच्चाच बरा.

मग सुट्टीत मामाचा पोरगा आला नांदेडहून. त्याच्याकडं चमकीचे पत्ते, उन्हात धरले की डोळ्यावर यायचे, अन् पठ्ठ्या खेळायचाच न्हाई. मी म्हनलं मांड डाव, तर म्हनतो मळतेत. नुसता दाखवायचा. त्या दिवसापासून बगा आमच्या लेकरांला येडच लागलं, एका चमकीसाठी कुनी त्याला धा पत्ते देऊन राहिलं, कुनी मिळालेली चमकी लपवून राहिलं, लिंबाखाली डावच बंद. मला इतका राग आला, इतका राग, खेळायची वस्तू हाय का पूजायची? मनच उडालं माझं. समदे पत्ते शेजारच्या लेकरांला वाटून टाकले अन् पुन्ना हात लावला न्हाई.

लगीन लातूरला झालं. ह्यांची रिक्षा. क्लास वाढले, परगावची लेकरं येऊन राहिली, तवा मी मेस घातली. भाकरी माझ्या हातची, पोळीला एक बाई. तर एक रविवारी चाकूरचं एक लेकरू जेवून झाल्यावर पत्ते काढतंय. पैलवान न्हाई, कसलीतरी जनावरं, एकाच्या अंगात आग, एकाच्या अंगात पानी. मी भांडे सोडून बसले. म्हनलं मला शिकीव. ते हासलं, मावशी तुमाला न्हाई जमायचं. आठ दिसात जमलं, ताई. काय सांगू, इतक्या वर्षांनी हातात पत्ता आला तर वाटलं हे आपुन कावून सोडलं होतं?

अन् पुन्ना तेच! लेकरं पाकिटं आनायला लागली, फोडायची, चमकी निघाली की प्लॅस्टिकात, अन् मोबाईलवर तिचा भाव बघायचा. खेळ गेला चुलीत. ह्या बारीला मी न्हाई सोडला. म्हनलं माझ्या मेसात पत्ता प्लॅस्टिकाच्या बाहेर, डाव कच्चा, अन् ज्याला नुसतं दाखवायचंय त्यानं आपल्या घरी जाऊन दाखवावं. रविवारची परीक्षा झाली की जेवून दोन डाव, मग खुशाल अभ्यास.

तर शेजारच्या क्लासचे सर आले. निम्मी लेकरं त्यांचीच जेवायची माझ्याकडं. म्हनले मावशी, पालकांचे फोन येऊन राहिले, पत्ते बंद करा, न्हाईतर माझी लेकरं मी दुसऱ्या मेसला लावतो. मी म्हनलं सर, ह्यो जुगार न्हाई, बसा, तुमाला दाखवते. ते उभेच. म्हनले ह्या नादानं लेकरं वाया जातेत. तवा माझी जीभ न्हाई राहिली. म्हनलं सर, तुमच्या क्लासच्या दारावर त्यो मोठा बोर्ड हाय ना, लेकराचा फोटो, खाली मार्क, खाली रँक, त्यो काय हाय मग? चमकीचं लेकरू दिसलं की फी माफ, खोली फुकट, तूप लावून जेवण. बाकीच्याचं नाव तरी म्हाईत हाय का तुमाला? पत्ते तर तुमीच जमवून राहिले, अन् ते बी जित्ती लेकरं!

सर लाल झाले. दुसऱ्या दिशी त्यांची लेकरं बंद. हे घरी येऊन वरडले, काय गरज होती तोंड उघडायची, जनावराच्या चित्रापायी मेस बुडवतीस का? खरं सांगते, मला बी घोर लागला. पोळीवाल्या बाईला मीच सांगितलं, आता नको येऊ. पन पत्ते बंद केले न्हाई. एकदा सोडून बघितले होते की.

मग एक दिस बिलोलीचं लेकरू दारात उभं. मी वळखलं, त्या बोर्डावर पयला फोटो ह्याचाच. म्हनलं तू इकडं कसा? खाली बघून बोललं, दोन परीक्षेत मार्क पडले मावशी, बॅच बदलली, तिकडचं जेवण बंद झालं. बोर्डावरचा फोटो बी काढला म्हनं, त्या जागी दुसरा लावला. आता ह्याला काय म्हनावं? कुन्या मायनं पोटाला चिमटा घेऊन धाडलं असंल ते लेकरू, अन् हे क्लासवाले फोटोसारखं उतरवून ठेवतेत!

त्या रविवारी मी त्याला डावाला बसवलं. पयलाच डाव हारलं. तोंड असं उतरलं की मलाच भ्या वाटलं. मी ताट वाढलं तर माझ्याकडं बघून म्हनतं कसं, मावशी, हारल्यावर बी तेवढंच वाढता का?

मी पदर डोळ्याला लावला अन् अजून एक भाकर टाकली त्याच्या ताटात.

आता येतं दर रविवारी. लई वाईट खेळतंय, घाई करतंय, समदे चांगले पत्ते पयलेच टाकून बसतंय. पन हारलं की हासतंय आता, अन् पोटभर जेवतंय. सरांची बाकी लेकरं आली न्हाईत, न येवोत, जिथं असतील तिथं सुखानं दोन घास खावोत. परवा जिंकलं लेकरू. मलाच हरवलं. असं वरडलं, असं वरडलं, हे म्हनले गप कर त्याला, क्लासात ऐकू जाईल. मी म्हनलं, जाऊ द्या.