खड्ड्यातली केळ

– तो फोटो नाही मिळायचा, रेत्नो. बघायचा तर खुशाल बघ, पण खिळ्यावरून काढू नकोस. चहा घे आधी. तुमिनी गेल्यापासून मीच करतो, साखरेचा अंदाज येत नाही – जास्त झालीय ना? पी तशीच.

तर तुम्हाला रस्ता अडवायचाय आणि फलकावर तुमिनीचा, माझ्या बायकोचा चेहरा लावायचाय, वाळूच्या ट्रकनं मारलेली बाई म्हणून. ट्रकनंच मारली, खोटं नाही ते. सात महिने झाले. टेंपेच्या वड्या विकायला घेऊन सायकलवरून बाजाराला निघाली होती. पण हा फोटो कसला आहे, ठाऊक आहे तुला? कसं असणार, तू तेव्हा शहरात शिकत होतीस. आपला रस्ता सहा वर्षं फुटलेला होता – मेरापी डोंगरावरून वाळूचे ट्रक उतरायचे आणि खड्डे एवढे की पोरं पावसाळ्यात त्यांत बदकं सोडायची. मी मास्तर माणूस, अर्ज लिहिले. अकरा. सुवाच्य अक्षरात, प्रती ठेवून. उत्तर आलं का? एकाचं आलं – 'अर्ज मिळाला' असं. ते जपून ठेवलंय मी. तुम्हा पोरांना वाटतं म्हाताऱ्यांना अर्जच आवडतात. आवडतात, पण किती आवडावेत. मग एक दिवस सगळीकडे करतात तेच केलं – वाढलेल्या केळी मुळासकट काढल्या आणि भर रस्त्यात खड्ड्याखड्ड्यांत लावल्या. चौदा. मीच पुढं होतो. केळी कुणाच्या? आमच्या परसातल्या, म्हणजे तिच्या. सोयाबीन शिजवून ती टेंपे करायची ना, ते याच पानांत बांधायची, प्लास्टिक तिला चालत नसे. घरी आलो तर म्हणाली, "गुरुजी," – रागावली की गुरुजी म्हणायची मला – "गुरुजी, उद्या टेंपे काय तुमच्या अर्जांत बांधू?" आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन थेट रस्त्यात. रोज पानं कापून न्यायची. आंदोलन बोडकं दिसायला लागलं. म्हटलं, अगं, निदान मधल्या दोन तरी ठेव, लोक बघतात. नाही ठेवल्या. त्यातच वर्तमानपत्रवाला आला – ही कोयता उगारून उभी, मागं ट्रकांची रांग. तोच हा फोटो. खाली छापलं, 'संतप्त ग्रामस्थ महिला'. संतप्त होतीच. माझ्यावर.

नवव्या दिवशी डांबर आलं. तेव्हा रस्ता अडवून काही होतं का, हे मला विचारू नकोस. होतं, नऊ दिवसांत होतं. शिव्याही खाल्ल्या – खालच्या गावचे लोक तेवढे दिवस अडकले होते, ते अजून आपल्याकडच्या लग्नाला येत नाहीत. जेवणावळ थोडक्यात होते, बाकी काही नाही.

पण ती काय म्हणाली होती माहितीय – केळी लावल्या त्याच दिवशी? म्हणाली, "खड्डे आहेत म्हणून गाड्या हळू जातात. रस्ता झाला की त्या कुणासाठी थांबणार आहेत?" मी समजावलं तिला. चांगलं तासभर, फळ्यापुढं उभं राहून समजावतात तसं – हक्क, विकास, सगळं. ती सोयाबीन निवडत होती. शेवटी म्हणाली, "तुमचं बरोबर असेल." असं ती कधी म्हणत नसे. मला वाटलं, पटलं.

रस्ता झाला, गुळगुळीत झाला. फीत कापायला मला बोलावलं, त्याचाही फोटो आहे, तो कपाटात आहे. आठवड्याभरात ट्रक ऐंशीच्या वेगानं उतरायला लागले.

असं बघू नकोस माझ्याकडे. तू फोटो मागितलास म्हणून निघालं, नाहीतर कुणाला सांगत बसतो मी. एवढंच सांगतो, तिला फलकावर घेऊ नका. ती तुमच्या बाजूची नव्हती, माझ्याही नव्हती. आता ती 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून आपण तिचं 'हो' धरायचं, हे काही बरं नाही.

आणि मागणी काय तुमची – गतिरोधक. खड्डे बुजवा म्हणून रस्ता अडवला, आता उंचवटे करा म्हणून अडवायचा. मीही मागितलेत, चार अर्ज केलेत ती गेल्यावर. या वेळी 'मिळाला' असंसुद्धा आलेलं नाही. पण अडवणार कशानं? केळ लावायला आता खड्डा कुठाय? पिंपात लावू म्हणतेस. पिंप दोन माणसं उचलून कडेला ठेवतात, ड्रायव्हर आणि क्लीनर, सिगारेट न विझवता. माणूस बसला की जरा अडचण होते. म्हातारा बसला की जास्त. मी बसतो. खुर्ची माझी मी आणीन, तुम्ही मागं उभे राहा. फलकावर 'गाड्या हळू न्या' एवढंच लिहा – नाहीतर राहू दे, अक्षर मी काढून देतो, तुमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घ कुणाला येतं. यातूनही काही भलतंच निघालं तर? मला नाही माहीत. मागच्या वेळीही नव्हतं, फक्त तेव्हा मला माहीत आहे असं वाटत होतं.

किती वाजता म्हणालीस? सात? सातला नको. ती सव्वापाचला निघायची. पाचला या.

जा आता. दार ओढून घे.