गेममध्ये कोरलेला बांध

हसू नका, पण लॉ शिकताना मी अर्धवेळ कारकुनी केली ती चक्क एका व्हिडिओ गेम कंपनीत, आपल्या गंगापूर रोडला. गेम शेतीचा होता आणि मी त्याच्या नियम-अटींचे कागद सांभाळायचो. एके दिवशी निफाडचे एक काका थेट माझ्या टेबलापाशी आले.

"वकीलसाहेब, शेजाऱ्यानं माझा बांध कोरला!"

"काका, त्यासाठी तहसीलला जावं लागेल."

"तहसीलला कशाला? तुमच्या गेममधला बांध हाय!"

त्यांनी मोबाइल पुढे केला. शेजारचा ट्रॅक्टर खरंच दोन फूट आत घुसला होता. मी धावत प्रोग्रामरकडे गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "बिघाड नाहीये तो. बांध कोरायची सोय खेळणाऱ्यांनीच मागून घेतली होती."

आता याला कलम कुठलं लावायचं? टेबलापाशी परत येऊन काकांची तक्रार लिहायला घेतली.

"शेजाऱ्याचं नाव?"

"धाकटा भाऊच हाय माझा."

"मग घरातच मिटवा की, काका!"

"कसं मिटवणार? खऱ्या जमिनीचा दावा चालूय आमचा. कोर्टानं दोघांनाबी शेतात पाय ठेवू नका म्हणून सांगितलंय. म्हणून तर इथं पेरतोय!"