बर्फाच्या पाण्यात मॅडम

राग कसा आवरायचा हे शिकवायला मला बोलावलं होतं, हसू नका! नाशकात, गावोगावच्या समुपदेशकांना डीबीटी, म्हणजे भावना आवरायची उपचारपद्धत, शिकवत होते. राग अनावर झाला की बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं, ते दाखवायचं होतं. आणि बर्फच नाही! हॉल सांभाळणाऱ्या भाऊंवर मी सगळ्या वर्गासमोर ओरडले. ते बिचारे द्वारका चौकातून बर्फाची लादी घेऊन आले.

वर्गातल्या नामपूरच्या सुनंदाताईंनी बर्फाच्या पाण्याचा टब माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, राग दहापैकी किती?"

"नऊ!"

"मग वाका की."

वाकले. वर आले तेव्हा पदर, पावडर, रुबाब, सगळं चिंब. वर्गात टाळ्या.

"आता किती?"

"दोन," मी म्हटलं. "भाऊ, ओता ते पाणी."

"थांबा मॅडम," भाऊ बाह्या सरसावत म्हणाले, "माझा अजून दहावर आहे."