मागं आकडा नको

लताबाई: ते मोगऱ्याचं टोपलं सरकव अन् बस. फोनला चार्जिंग हाय ना? पाचच्या आत पाठवायचंय.

निकिता: आत्या, आधी मला सांग, कोणाला पाठवायचं? ऑफिसातून अर्धा दिवस टाकून पंचवटीत आलेय मी. तू नुसतं 'लवकर ये' म्हणालीस.

लताबाई: रोख तुला देते, तू तुझ्या फोनवरून टाक. माझ्या फोनला ते पैशाचं जोडलेलं नाय. हा बघ नंबर. पंधरा हजार.

निकिता: पंधरा? आणि हा डबा... आत्या, हा भिशीचा डबा आहे!

लताबाई: मग? भिशी सात वाजता. तोवर परत ठेवते की. बक्षीस आलं की लगेच.

निकिता: कसलं बक्षीस?

लताबाई: हळू बोल. शेजारच्या गाळ्यात ऐकू जाईल. लॉटरी लागली मला. पंचवीस लाखांची. ईमेल आलाय.

निकिता: ईमेल? तुला?

लताबाई: का? तूच काढून दिला होता ना, फोन घेतला तेव्हा.

निकिता: दाखव बघू. 'प्रिय लताबाई अडुसष्ट, आपले हार्दिक अभिनंदन. आपला ईमेल पत्ता भाग्यवान निवडला गेला आहे.' काय मराठी आहे ही!

लताबाई: मराठीचं काय घेऊन बसलीस? साल बघ. माझं जन्मसाल त्यांना कसं ठाऊक? म्हणून तर मला खरं वाटलं.

निकिता: अगं, ते अडुसष्ट मी घातलंय! नुसत्या 'लताबाई' नावाचा ईमेल कोणीतरी आधीच घेतला होता, म्हणून मागे तुझं साल जोडलं. यांनी पत्त्यातलं तेवढं उचललं आणि पुढे 'प्रिय' चिकटवलं. उद्या मी 'मोगरा बारा' नावाचा ईमेल काढला, तर मोगरा बाराचंही अभिनंदन करतील.

लताबाई: म्हणजे माझं नाव नाय काढलं त्यांनी?

निकिता: त्यांना तुझं नावच माहीत नाही.

लताबाई: तू लय घाई करती बघ. ईमेलात नंबर होता, मी लावला. साहेब नीट बोलला माझ्याशी. लताजी, लताजी करत होता.

निकिता: आणि पैसे भरा म्हणाला.

लताबाई: भरावे लागतातच की! चिठ्ठी निघाली म्हणून भिशीत हप्ता कोणाला माफ होतो? चिमणाबाईची निघाली, तेव्हा तिनं आधी हप्ता ठेवला, मग पैसे उचलले. आधी टाकायचं, मग घ्यायचं. यात वावगं काय हाय?

निकिता: बरं, मग भिशीचंच बोलू. जी बाई तुमच्या भिशीत नाहीच, तिची चिठ्ठी कधी निघेल का?

लताबाई: निघेल कशी? डब्यात टाकलेलीच नसती.

निकिता: मग यांच्या डब्यात तुझी कोणी टाकली? तिकीट घेतलं होतंस?

लताबाई: नाय.

निकिता: कुठे कूपन भरलंस? साडीच्या दुकानात, मंडळाच्या सोडतीत?

लताबाई: मंडळाचं घेतलं होतं गणपतीत. पण तिथं पहिलं बक्षीस कुकर होता.

निकिता: ती कुकरवाली मंडळी पंचवीस लाख कुठून आणणार?

लताबाई: हसू नको.

निकिता: हसत नाही गं. अजून काय म्हणाला तो?

लताबाई: कोणाला सांगू नका म्हणाला, घरातसुद्धा. लोकं मागं लागतात म्हणे. मी तुझ्या मामांनाबी नाय बोलले.

निकिता: तू भिशीची चिठ्ठी कुठे काढतेस?

लताबाई: इथंच. गाळ्यासमोर, सगळ्या बायांच्या देखत. उगाच कोणाला वाटायला नको, की लताबाईनं गुपचूप...

निकिता: का थांबलीस?

लताबाई: गुपचूप कोणी चिठ्ठी काढतं का, निकिता?

(लताबाईंचा फोन वाजतो.)

लताबाई: त्याचाच हाय.

निकिता: उचलू नको.

लताबाई: थांब जरा. हॅलो. हां साहेब, मैं ही बोलती. हां, पैसा तय्यार है. पण पहले एक बात बोलो. हमारी चिठ्ठी डब्बे में किसने डाली? ...चिठ्ठी! डब्बा! ...नहीं, फीस का बाद में. हमारा पूरा नाम क्या है, वो बोलो. ...लताजी नहीं साहेब, पूरा. ...लताजी के आगे? ...ठेवला.

निकिता: काय म्हणाला?

लताबाई: टाइम कमी हाय म्हणाला. मग शिवी दिली.

निकिता: आण इकडे, नंबर ब्लॉक करते. आणि आत्या, खरं सांग. आधी काही पाठवलंस का?

लताबाई: आधारकार्डाचा फोटो. सकाळी.

निकिता: बँकेचं काही? ओटीपी?

लताबाई: नाय. ओटीपी कोणाला द्यायचा नाय, तेवढं कळतं मला.

निकिता: मग थोडक्यात वाचलीस. आता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, एकोणीसशे तीसला, फोन लावून तक्रार देऊ, आधार लॉक करू. उद्या बँकेतही सांगून ठेवू. ईमेल पुसू नकोस, दाखवायला लागेल.

लताबाई: बायांचे पैसे होते गं. गजरे विकून, भाजी विकून साठवलेले. सात वाजता रिकामा डबा उघडला असता, तर कोणत्या तोंडानं बसले असते मी इथं?

निकिता: नाही ना झालं तसं. पण तुला एवढ्या पैशांचं करायचं काय होतं?

लताबाई: पैशाचं काय ठरवलंच नव्हतं. तो म्हणाला, 'आपका नाम निकला है.' तेच कानात बसलं. इतकी वर्षं भिशी चालवते. चालवणारीचा नंबर शेवटचा, ठरलेला. माझी चिठ्ठी डब्यात कधी पडतच नाय. दर महिन्याला मी दुसरीचं नाव वाचते, बाया टाळ्या वाजवतात, तिच्या तोंडात पेढा कोंबतात. बरं वाटलं गं मला. खोटं कशाला बोलू?

चिमणाबाई: कोण, भाची आली का, लता? मेथी लवकर संपली म्हणून आत्ताच आले. हा घे माझा हप्ता. अन् तोंड का उतरलंय तुझं?

लताबाई: सांगते. सगळ्या जमू दे, सगळ्यांनाच सांगते. आज मला ईमेल आला, उद्या तुमच्यातल्या कोणाला येईल.

चिमणाबाई: मला कुठून यायचा? माझा फोन नुसता बोलायचा.

निकिता: चिमणामावशी, आजच्या चिठ्ठ्यांत आत्याची पण टाकली तर चालेल?

चिमणाबाई: टाक की.

लताबाई: नाय, नियम हाय. चालवणारीचा शेवटचा.

चिमणाबाई: नियम तू केला, आम्ही कुठं केला? बाकीच्या बाया नाय म्हणाल्या तर माझं नाव बदल. कागद घे पोरी. मला लिहिता येत नाय, तूच लिही.

निकिता: काय लिहू, आत्या? लताबाई अडुसष्ट?

लताबाई: मार खाशील. लता कारभारी पिंगळे. पुरं लिही, मागं आकडा नको.

चिमणाबाई: अन् निघालं तर?

लताबाई: निघालं तर मला वाचायला लावू नका. दुसरी कोणीतरी वाचा. जरा मोठ्यानं.