सतरा नंबरची चिठ्ठी

...नाही, पण मी म्हणतो, मला काय नडलं होतं? चांगलं एकोणतीस वर्षं रसायन शिकवत होतो, पोरं मला घाबरत होती, मी मुख्याध्यापिका बाईंना घाबरत होतो, सगळं कसं रीतसर चाललं होतं! आणि ह्या मेल्या नागरिकत्वाच्या नादाला लागलो... आता तुम्हाला सांगतो, हसू नका. हसायचंच असेल तर शेवटी हसा, एकदमच हसा.

झालं काय, ओल्शेव्स्का बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांच्या बैठकीत विचारलं, "मुलांना नागरिक म्हणून घडवायचा उपक्रम आलाय, सगळ्या युरोपभर चाललाय, आपल्या शाळेतून कोण जाईल प्रशिक्षणाला?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली असती हो! पण नेमकी तेव्हाच मला शिंक आली, मान वर झाली, आणि बाई म्हणाल्या, "वा! लुदोमिर सर!" झालं. तीन दिवस बियालिस्तोक शहरात. तिथं एक चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, हातात रंगीबेरंगी कागद, मला म्हणते, "सर, लोकशाही सांगायची नसते, ती करू द्यायची असते. मुलांना एक खराखुरा निर्णय घेऊ द्या. एकच!" आता एकच म्हटल्यावर मी म्हटलं, देऊ की. एकानं काय होतंय?

एकानं काय होतंय! विचारा मला.

परत आलो, सातवी 'ब'च्या वर्गावर गेलो, अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं, बैठक कशी घ्यायची, इतिवृत्त कसं ठेवायचं, आणि मग मोठ्या मनानं म्हटलं, "बोला मुलांनो, कुठला निर्णय हवा?" मला वाटलं, पडद्यांचा रंग मागतील. फार तर मधल्या सुट्टीत सरबत गोड करा म्हणतील. तर पहिल्या बाकावरून याग्ना व्येलोख उठली. तेरा वर्षांची. एक वेणी, एक वही, आणि आवाज असा की बँकेच्या काउंटरवर बसवावी. म्हणाली, "सर, आम्हाला शिक्षकांसाठी नशिबाचा नंबर काढायचाय."

नशिबाचा नंबर म्हणजे... आमच्याकडे शाळाशाळांतून चालतो हो तो. हजेरीपटावर प्रत्येकाचा नंबर असतो की नाही? रोज सकाळी विद्यार्थी मंडळ बरणीतून एक चिठ्ठी काढतं, समजा अकरा निघाला, तर त्या दिवशी प्रत्येक वर्गातल्या अकरा नंबरच्या पोराला कुणी तोंडी प्रश्न विचारायचा नाही, अचानक चाचणी घ्यायची नाही. पोरगं दिवसभर राजा! मला स्वतःला हा प्रकार कधीच आवडला नाही. सकाळी वर्गात जावं, हजेरीपट उघडावा, बोट हळूहळू खाली सरकवावं, तीस जणांचे श्वास अडकलेले... काय सांगू, ती शांतता! आणि नेमकं ज्याच्यावर बोट थांबतं तो उठून म्हणतो, "सर, मी आज नशीबवान."

तर म्हटलं, "अगं, शिक्षकांना कशाला नंबर? आम्हाला कोण विचारतंय?" ती म्हणाली, "मुख्याध्यापिका बाई तास बघायला येतात ना. ज्यांचा नंबर निघेल त्यांच्या वर्गावर त्या दिवशी बाईंनी यायचं नाही." मी म्हटलं, "आणि तुमचा ह्यात काय फायदा?" तर तिनं वही उघडली! तक्ता! आखलेला! "सर, चौदा ऑक्टोबरला बाई तुमच्या तासाला बसल्या. पंधरा तारखेला तुम्ही नऊ जणांना एक दिलात." एक म्हणजे नापास, बरं का. "दोन डिसेंबरला बसल्या. तीनला सात जणांना एक. बाई येत नाहीत त्या आठवड्यात सरासरी दोघंच. आमचं म्हणणं एवढंच आहे सर, की मोठी माणसं घाबरली की ते आमच्यावर निघतं."

मी खुर्चीत बसलो. पुराव्यानिशी बोलावं, हे शिकवलं कुणी? मीच!

शिक्षकांच्या खोलीत आधी हशा पिकला. व्यायामाचे गवेंदा सर तर टेबलावर हात आपटून हसले. मग हळूहळू हसू विरलं. जीवशास्त्राच्या मोराव्स्का बाई चहा ढवळत म्हणाल्या, "म्हणजे... खरंच यायच्या नाहीत त्या?" धर्मशिक्षणाचे फादर म्हणाले, "माझा नशिबावर विश्वास नाही. माझा नंबर कितवा?" आणि ओल्शेव्स्का बाई! मला वाटलं, अर्ज फाडतील. तर म्हणाल्या, "अहवालात एक खराखुरा निर्णय दाखवायचाच आहे. महिनाभर करून बघा." आम्ही चोवीस शिक्षक, चोवीस चिठ्ठ्या, खारवलेल्या काकड्यांची धुतलेली बरणी. मी सतरा नंबर. आणि विद्यार्थी मंडळाचा मार्गदर्शक मीच, म्हणून बरणी कुणाच्या कपाटात? माझ्या.

तुम्हाला सांगतो, पोरं इतकी वर्षं हा खेळ खेळतायत, कधी तक्रार नाही. आम्हाला आठवडा पुरला नाही! गवेंदा सरांचा नंबर पहिल्याच दिवशी निघाला, तर दिवसभर शिट्टी वाजवत जिन्यावरून वर-खाली. शुक्रवारी पुन्हा त्यांचाच! मग काय, कुजबुज. "काहीतरी आहे." "पोरांना तासभर जास्त फुटबॉल दिला म्हणे." मोराव्स्का बाईंनी मंडळाच्या पोरांसाठी खसखशीचा केक आणला, "सहजच गं, उरला होता." उरला होता! अख्खा? फादर रोज सकाळी बरणीशेजारून जाताना डोळे मिटून उभे राहायचे, आता ते काय मागत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी ह्या सगळ्यांना नावं ठेवत होतो. वर्गात उभा राहून सांगत होतो, "मुलांनो, कुठल्याही संस्थेवर देखरेख हवी!" आणि अशातच बुधवारी सूचनाफलकावर कागद लागला. गुरुवार, तिसरा तास, सातवी 'ब', रसायन, निरीक्षण: मुख्याध्यापिका.

आता ह्यावर हसू नका. सत्तावन्न वर्षांचा माणूस आहे मी, पण त्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या, ती हिरवी वही उघडली, पेनाचं टोपण टक्‌ करून काढलं, की माझ्या डोक्यातलं रसायन पळून जातं. गेल्या खेपेला परीक्षानळी समजून मी स्वतःचं पेन जाळलं. आणि ह्या वर्षी तर नोकरीचं मूल्यमापन! वाईट शेरा पडला की उरलेली वर्षं दर महिन्याला ती बाई आणि ती वही. नको. देवा, नको.

दुपारी याग्ना आली. "सर, मंडळाच्या इतिवृत्तावर सही." मी कशाच्या मनःस्थितीत? केली सही. न वाचता! वाचल्याशिवाय सही करू नका, म्हणून त्याच पोरांशी मी पाऊण तास डोकेफोड केली होती!

शाळा सुटली. खोलीत कुणी नाही. कपाट उघडलं. बरणी काढली. जुन्या चिठ्ठ्या खिशात घातल्या, आणि चोवीस नव्या चिठ्ठ्या केल्या. चोवीसही सतरा! लिहिताना हात जरासुद्धा थरथरला नाही, ह्याचंच मला अजून आश्चर्य वाटतं.

गुरुवारी सकाळी व्हरांड्यात ही गर्दी. याग्नानं बाही सारली, बरणीत हात घातला, चिठ्ठी उघडली. "सतरा." मी लगेच, "अरेच्चा! मी? आज? काय सांगता!" मोराव्स्का बाईंनी नाक मुरडलं. मी वळलो, निघालोच होतो, तर मागून तोच बँकेतला आवाज. "थांबा सर. नियम चार."

कसला नियम चार?

"काल मंजूर झालेला. सोडत झाल्यावर बरणी सगळ्यांसमोर रिकामी करून चिठ्ठ्या तपासायच्या. गवेंदा सरांचा नंबर दोनदा आल्यावर लोकांचा विश्वास उडाला होता, म्हणून. तुमची सही आहे, सर."

आणि तिनं एकेक काढायला सुरुवात केली. सतरा. सतरा. सतरा. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत पोरं हसत होती. दहाव्यानंतर कुणी हसेना. ती मात्र वाचत राहिली हो, चोवीसच्या चोवीस! देखरेख हवी, हे शिकवलं कुणी? मी! मी! मी!

तिसरा तास. ओल्शेव्स्का बाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या, वही उघडली, टक्‌. याग्ना उठून म्हणाली, "बाई, आज रसायन नाही. सुनावणी आहे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "चालू द्या."

याग्ना म्हणाली, "सर, आरोपीला वकील मिळतो. तुम्ही म्हणाला होतात." मी म्हटलं, "कोण घेईल माझी बाजू?" तर शेवटच्या बाकावरून तिमेक उठला. तिमेक! ज्याला वर्षभरात मी अकरा वेळा एक दिला! शर्ट पँटच्या बाहेर, हात खिशात. म्हणाला, "सर चुकले. पण सर घाबरले होते. घाबरल्यावर काय होतं ते मला माहितीये. मी मागच्या चाचणीला मोज्यात कॉपीची चिठ्ठी घातली होती. तेव्हा... सरांना जास्त शिक्षा नका देऊ."

खोटं कशाला बोलू, लाज वाटली, भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेतसुद्धा, बघा, मास्तरची जात, मनात आलं, काय बोलला पोरगा! मुद्देसूद!

निकाल लागला. महिनाभर माझा नंबर बाद, आणि आत्ता, इथं, फळ्यासमोर तोंडी परीक्षा. विषय नागरिकशास्त्र. याग्नानं हजेरीपट उघडला. बोट हळूहळू खाली सरकवलं. अहो, यादीत नाव एकट्या माझं, तरी सरकवलं! "लुदोमिर सर. नागरिकाची पाच कर्तव्यं." मी म्हटलं, "नियम पाळणे." वर्ग खदखदला. "मतदान करणे. ... दुसऱ्याच्या हक्कांचा मान राखणे. ... चौथं... नियम पाळणे." "ते झालं, सर." "पाचवं..." मागून तिमेक ओठ हलवून सांगत होता, पण मला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही.

तीन उणे. म्हणजे सहापैकी तीनला किंचित कमी, जेमतेम पास.

तास संपला. ओल्शेव्स्का बाई उठल्या, माझ्यासमोर आल्या, वही वाचून दाखवली. "शिकवणं: सहापैकी सहा. बावीस वर्षांत असा तास पाहिला नाही. स्वतः शिकणं: वर्गानं दिलेले तीन उणे कायम." मूल्यमापनात पास झालो हो मी! आनंद व्हावा की नाही? पण याग्ना दारातच उभी. "सर, तीनच्या खालच्या गुणांवर पालकांची सही लागते."

"अगं, मी सत्तावन्न वर्षांचा!"

"पालक हयात आहेत का, सर?"

आहे. आई आहे. ब्याऐंशीची. तिनं चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, दोनदा वाचला, मग म्हणाली, "लुदेक, तुझे वडील असते तर काय म्हणाले असते?" आणि सही केली, आणि खाली ओळ लिहिली: कृपया ह्याला पहिल्या बाकावर बसवावे, मागे बसला की लक्ष देत नाही.

मंडळानं विनंती एकमतानं मंजूर केली. सोमवारपासून बसतोय, नागरिकशास्त्राच्या तासाला. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. मोठा बाक मिळावा म्हणून मंडळाला रीतसर अर्ज दिलाय. म्हणाले, नमुना चुकलाय, पुन्हा लिहून आणा.